गाडीच्या उचक्या

"काका, तुमच्या गॅरेजात मुलगी कामाला चालेल का?"

भिंगरीनं एका दमात विचारून टाकलं आणि मग श्वास घेतला. मागे कोपऱ्यावर तिच्या दोन मैत्रिणी सायकली धरून, तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. मधल्या सुट्टीत त्याच म्हणाल्या होत्या, "नुसत्या बाता मारतेस, विचारायची छाती नाही तुझी!" आता बघा म्हणावं.

गाडीखालून ग्रीसकाकांचं डोकं बाहेर आलं. "मुलगी चालेल. तू नाही चालणार."

"का?"

"तुझ्या बापाची गाडी रोज माझ्या दारावरून उचक्या देत जाते. घरची गाडी आजारी ठेवून इथं लोकांच्या गाड्यांना हात लावणार होय? इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांत घाण बसलीय तिच्या. स्वतः साफ कर आणि रविवारी संध्याकाळी मला ऐकव. जमलं तर सोमवारी शाळेला सुट्टी लागली, की सुट्टीभराची जागा तुझी. नाही जमलं तर सोमवारी दुसरं कुणीतरी यायचंय विचारायला."

डोकं परत गाडीखाली गेलं.

घरी भिंगरीनं एवढंच सांगितलं, की रविवारी आपण गाडी दुरुस्त करणार आहोत. जागेबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर आईनं अभ्यासाचं तुणतुणं लावलं असतं.

बाबा ग्रंथपाल. त्यांनी वाचनालयातून उशीएवढं जाड पुस्तक आणलं आणि रविवारी सकाळी घरासमोरच्या उघड्या जागेत खुर्ची टाकून ते मोठ्यानं वाचू लागले. "पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढावा. इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यावं, म्हणजे नळीतला दाब उतरतो." फ्यूज त्यांनी स्वतः उपटला. इंजिन चार आचके देऊन गप्प झालं. मग बॅटरीची तार सुटली आणि पुढचं सगळं भिंगरीच्या हातात आलं.

प्रत्येक बोल्ट निघाला की बाबा चिठ्ठी लिहून चिकटवत. "क्रमांक सात. डावीकडचा. किंचित गंजलेला."

"बाबा, बोल्ट आहे तो, कादंबरी नाही!"

चारही इंजेक्टर निघाले. बोटभर लांबीचे, टोकाशी काळे कुळकुळीत. आई रुग्णालयात परिचारिका, तिनं सलाइनची जाड नळी दिली, पोहण्याचा चष्मा दिला आणि दम दिला, "काडी पेटवायचं सोड, कुणी नुसतं नाव जरी काढलं ना, तर गाठ माझ्याशी आहे."

नळीचं एक टोक घाण विरघळवणाऱ्या क्लीनरच्या डब्याला, दुसरं इंजेक्टरला. लांब तारेनं चौकोनी सेल क्षणभर टेकवायचा, की आत 'टक्' व्हायचं आणि काचेच्या बरणीत फवारा उडायचा. फवारा कसला, पहिल्यांदा वाकडी पिचकारीच आली. टक्, टक्, टक्. विसाव्या खेपेला पिचकारी फुटली आणि धुक्यासारखी पसरली. भिंगरी जागच्या जागी नाचली. तिसरा इंजेक्टर मात्र हट्टी निघाला. त्यानं अर्धा तास अंत पाहिला आणि मग असा काही उमलला, की आईसुद्धा दारातून "वा गं!" म्हणाली.

नव्या रबरी कड्या चढल्या, बोल्ट क्रमवार बसले, तार जोडली. चार वाजले. बाबांनी किल्ली फिरवली.

खर्र-खर्र-खर्र. पुढे काही नाही.

परत फिरवली. खर्र-खर्र. आता उचकीसुद्धा नव्हती.

भिंगरी इंजिनावर वाकली. सेल जास्त वेळ टेकवला का? आतलं काही जळलं का? निदान रडत-रखडत चालत होती गाडी, ती आपण पार झोपवली! "राहू दे गं," बाबा म्हणाले. "उद्या ग्रीसकाकांना बोलावू." उद्या म्हणजे सोमवार. नेमका सोमवार!

"थांबा," ती म्हणाली. "बाबा, किल्ली अर्धीच फिरवा. आई, तू बोलू नकोस."

"मी कुठं बोलतेय?"

"आता बोललीस!"

ती मागच्या सीटवर पालथी पडली आणि सीटला कान लावला. रोज शाळेत जाताना इथूनच तर एक बारीक 'घूंऽ' यायचा. आज काहीच नाही. 'घूं' नाही म्हणजे पंप नाही. पंप नाही म्हणजे पेट्रोल नाही. म्हणजे इंजेक्टर बिचारे ठणठणीत आहेत, त्यांना प्यायलाच मिळत नाहीये!

"बाबा, फ्यूज परत लावलात ना?"

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी खिसे चाचपले, चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. मग एकदम घरात धावले आणि ते जाडजूड पुस्तक छातीशी धरून बाहेर आले. पान एकशे बारावर, खूण म्हणून, तो चिमुकला फ्यूज मुकाट पडून होता.

"हरवू नये म्हणून ठेवला होता," बाबा पुटपुटले. "पानही हरवलं नसतं."

"लग्नात माझी हेअरपिन अशीच गेली होती," आई म्हणाली. "अजून कुठल्या तरी पुस्तकात असेल."

फ्यूज बसला. घूंऽ! आणि दुसऱ्याच फेरीला इंजिन असं गुणगुणू लागलं, जणू उचकी कधी ठाऊकच नव्हती.

साडेपाचला तिघंही गॅरेजसमोर उभे. ग्रीसकाकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला. डोळे मिटले. भिंगरीनं श्वास रोखून धरला.

"तिसऱ्यानं त्रास दिला असेल."

"अर्धा तास!"

"हं. उद्या साडेसातला ये. केस बांधून."

"साडेसातला कशाला?" आई-बाबा एकदमच म्हणाले.

भिंगरी वळली. नाकावर काळा डाग, डोळ्यांभोवती चष्म्याचे वळ, आणि छाती पुढे.

"आई, बाबा, मी ठरवलंय. सुट्टीभर मी इथं काम शिकायला येणार. अभ्यास संध्याकाळी करीन, तू समोर बसून घे हवा तर. आणि बाबा, माझ्या हत्यारांना तुम्ही हात लावायचा नाही. ते पुस्तक वाचून दाखवायला मात्र रोज या."