विश्रांतीचे हातमोजे

महापौरांच्या हाताला मेयोनेज लागलेलं होतं. समारंभ सुरू व्हायच्या आधीच त्यांनी सँडविचांच्या थाळीवर हात मारलेला असणार, कारण माझा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी असा काही चोळला की मनगटापर्यंत अंड्याचा वास चढला. मग त्याच हातानं माझा गाल थोपटला. चौसष्ट वर्षांच्या बाईचा गाल! सहाव्या वर्षी तापात माझे कान गेले, अकराव्या वर्षी डोळे. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण हा गाल म्हणजे गावाची मालमत्ता समजत आलेला आहे.

"महापौर विचारतायत, हिला कॉफी चालते का," ब्लाझेनानं माझ्या तळहातावर लिहिलं.

"हिलाच विचारा म्हणावं," मी तिच्या तळहातावर लिहिलं.

ब्लाझेना माझी दुभाषी. आमची लिपी हातावरची आहे. बोटांच्या टोकांवर स्वर, बाकीची अक्षरं म्हणजे तळहातावरच्या रेघा नि टिचक्या. लोक जे बोलतील ते ती जसंच्या तसं माझ्या हातावर उतरवते, पाठीमागची कुजबुजसुद्धा. गोड करून सांगायचं नाही, असं आमचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. म्हणून तर बारा वर्षं पटलं.

मी पुस्तकं लिहिते, आणि उरलेल्या वेळात आमच्यासारख्यांच्या हक्कांसाठी कचेऱ्यांतून भांडत फिरते. मोराव्हिया प्रांतातल्या या गावी मात्र मी भांडायला आले नव्हते. ओटाकरच्या संस्थेला वीस वर्षं झाली होती. ओटाकर माझा विद्यार्थी, हातावरची लिपी त्याला मीच शिकवली. अकरा बहिऱ्या-अंध माणसांसाठी त्यानं घर काढलं, तेव्हा दारावर माझं नाव लावायची परवानगी मागितली. मी हुरळून गेले आणि दिली. पुढे दर वर्षी यायचं ठरवत राहिले, पण आत पाऊल टाकलं ते आज.

"भाषणाआधी मला तुझ्या माणसांना भेटायचंय," मी ओटाकरला सांगितलं.

तो थेट माझ्या हातावर लिहू लागला. "बाई, आत्ता त्यांची विश्रांतीची वेळ आहे. समारंभ झाल्यावर भेटा ना."

"झोपलेत का?"

"झोपले नाहीत, बसलेत."

"मग मीही त्यांच्याजवळ बसते. मी काय गाणं म्हणणार आहे?"

जेवणाच्या खोलीत कोबीचा आणि दमट लोकरीचा वास होता. कोबीचं समजू शकत होते. पण जून महिन्यात लोकर कसली? टेबलाच्या कडेकडेनं गेले, पहिला हात हाताशी आला, आणि तो हात नव्हताच. ती लोकरीची जाड पिशवी होती. चारही बोटं एकत्र कोंबलेली, मनगटाशी पट्टा आणि बक्कल. त्याच्या पुढच्या माणसाचं तेच. त्याच्याही पुढच्याचं तेच.

"हे काय आहे, ओटाकर?"

"विश्रांतीचे हातमोजे. दुपारचं जेवण झालं की घालतो, ते सकाळपर्यंत. रात्रीचं आम्हीच भरवतो. बाई, तुम्हाला कल्पना नाही. मोकळं सोडलं तर दिवसभर एकमेकांचे हात धरून बसतात. उठा म्हटलं तर उठत नाहीत, आमच्या बायकांची कामं उरकत नाहीत."

"म्हणजे बोलत बसतात."

"कसलं बोलणं! नुसती बडबड हो."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. माणसांच्या तोंडात बोळे कोंबायचे आणि वर पाहुण्यांना सांगायचं, बघा कशी शांत बसलीत. तीस वर्षांपूर्वी याच माणसाचं बोट धरून मी त्याला अ आ शिकवलं होतं.

"कुणाच्या डोक्यातून निघाली रे ही अक्कल?"

मग एकेक अक्षर सावकाश आलं. "तुमच्याच, बाई."

त्यानं मला भिंतीपाशी नेलं आणि माझा हात एका पाटीवर ठेवला. पाटी ब्रेलमध्ये होती. "हातांनाही विश्रांती हवी असते. आईनं लोकरीचे हातमोजे चढवले की जग थांबायचं, आणि मला शांत शांत वाटायचं." खाली माझं नाव आणि माझ्या पहिल्या पुस्तकाचा पान नंबर. टिंबं नव्यासारखी टोकदार होती. त्यांवरून कुणाचं बोट फारसं फिरलेलं नव्हतं, आणि फिरणार तरी कसं?

हे वाक्य मी तिसाव्या वर्षी लिहिलं आणि ते खोटं लिहिलं. घरी पाहुणे आले की माझ्या हातांच्या चाळ्यांची आईला लाज वाटायची, म्हणून ती मोजे चढवायची. मी ते दातांनी ओढायचे, लोकर तोंडात जायची आणि ओकारी यायची. पण पुस्तक आई वाचणार होती. म्हणून मी त्या ओकारीची शांतता केली. ते पान लोकांना भारी आवडलं, शाळांच्या वाचनमालेतसुद्धा गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता तक्रार कुणाकडे करू? ओटाकरची किळस येत होती, पण त्याहून जास्त स्वतःची येत होती.

टेबलाशी परत आले आणि जो पहिला हात मिळाला त्याचं बक्कल सोडलं. ओटाकरनं माझा खांदा धरला, मी झटकला. मोज्यातून निघाला तो एका बाईचा हात होता. उकडलेल्या बटाट्यासारखा लिबलिबीत, त्याला नासलेल्या दुधाचा वास. मला मळमळलं, आणि मळमळलं याचीच लाज वाटली. तेवढ्यात तो हात माझ्या तळहातावर तुटून पडला.

"कोण?"

"बोहुमिला."

"पुस्तकवाली?"

"हो. तू कोण?"

"क्वेता. हे मोजे तुझे ना?"

ओटाकरनं भलताच अर्थ काढला, असं सांगता आलं असतं. तरुण होते, आईला दुखवायचं नव्हतं, असंही सांगता आलं असतं. मी लिहिलं, "हो."

"मग काढ," क्वेतानं लिहिलं. "सगळ्यांचे."

दुसऱ्याच्या मनगटाचं बक्कल चाचपतेय तोवर संस्थेतल्या दोघी बायकांनी मला काखेत हात घालून उचललं, अगदी हळुवार, देवघरातली मूर्ती हलवावी तसं. भाषणाची वेळ झाली होती म्हणे.

एरवी मी व्यासपीठावर नुसती उभी राहते आणि माझं लिहिलेलं भाषण ब्लाझेना वाचते. त्यातली तीन पानं ओटाकरच्या कौतुकाची होती. मी ती घडी घालून खिशात कोंबली आणि स्वतःच्या आवाजात बोलले. तो आवाज अठ्ठावन्न वर्षांत मी ऐकलेला नाही. ब्लाझेनाच्या मते तो गंजलेल्या बिजागरीसारखा आहे. मी म्हणाले, "या घरात माणसांचे हात बांधतात. ज्या पानावरून बांधतात ते पान मी खोटं लिहिलं. आत जा आणि ते हात सोडवा."

पायाखालच्या फळ्या थरथरू लागल्या.

"टाळ्या," ब्लाझेनानं लिहिलं. "सगळे उभे राहिलेत. महापौर डोळे पुसतायत."

"कशाबद्दल?"

"तू बोललीस म्हणून."

"काय बोलले ते कळलं का त्यांना?"

"एक अक्षर नाही कळलं."

सर्कशीतल्या अस्वलानं सायकल चालवली की वाजवतात, त्या टाळ्या होत्या. आत अकरा माणसांचे हात सडत होते आणि ही मंडळी माझ्या हिमतीवर रडत होती. त्या क्षणी मला त्या गावातल्या प्रत्येक कोरड्या-ओल्या डोळ्याची शिसारी आली.

"तू सांग त्यांना," मी ब्लाझेनाला म्हटलं. "जसंच्या तसं."

"बोहुमिला, अगं, माझी बाकीची सगळी कामं ओटाकरकडूनच येतात."

"ठाऊक आहे मला."

"उद्यापासून मी घरी बसेन."

"तेही ठाऊक आहे. तरी सांग."

तिचा हात माझ्या हातातून निघून गेला. तो गेला की मला जग उरत नाही. ती माइककडे गेली की पायऱ्या उतरून गेली, कळायला मार्ग नव्हता. टाळ्या चालूच होत्या. मग त्या विरळ झाल्या, आणि फळ्या एकदम थंड पडल्या. बऱ्याच वेळानं हात परत आला, घामानं थबथबलेला.

"सांगितलं. दोनदा सांगितलं."

"मग?"

"कुणी हलत नाही. ओटाकर म्हणतोय, बाईंची तब्येत ठीक नाही."

"आणखी काय?"

"पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठलीय. विचारतेय, कुठली खोली?"

त्या म्हातारीचा मुलगा आत होता. दर रविवारी सकाळी ती त्याला भेटायला यायची, मोजे चढवायच्या आत तिची रवानगी व्हायची. तिच्या मागून आणखी चौघे गेले, मग बाकीचे. महापौर सगळ्यांत शेवटी.

मी पोचले तोवर सगळी बक्कलं सुटली होती. टेबलाभोवती हात नुसते धावत होते, कोण कुणाशी बोलतोय याचा पत्ता लागत नव्हता. भिंतीवरची पाटी मी ब्लाझेनाकडून उचकटून घेतली, दारावरचं नावही काढायला सांगितलं. मग चाचपत क्वेताकडे गेले. ती शेजारणीशी बोलत होती. मी खांद्याला हात लावून थांबले आणि तिनं हात मोकळा केल्यावर त्यावर लिहिलं, "क्वेता, मी चुकले."

तिनं माझी बोटं एकेक करून चाचपली आणि मला ओळखलं. मग तिनं आपला तळहात एप्रनला पुसला आणि पुन्हा शेजारणीच्या हातात दिला.