मागची टाकी

शालिग्राम मिस्तरीनं मागच्या टाकीची तार उपटली आणि पिकअपच्या खालूनच ओरडला,

"काटा पाय बे कचरू! पडला का?"

ड्रायव्हर कचरू गाडीजवळ नव्हताच. सकाळपासून तो रस्त्यापलीकडच्या निंबाखाली बसून होता आणि दोनदा बोलावूनही उठला नव्हता. शेवटी शालिग्राम स्वतःच चाकांमधून सरकत बाहेर आला, कंबर धरून उभा राहिला आणि दारातून आत डोकावला. तार तोडली तरी काटा भरल्या टाकीच्या खुणेला ठाम उभा होता.

महाराष्ट्र झाला त्या साली रोहिणखेडच्या भगवानरावांनी ही पिकअप लष्कराच्या लिलावात घेतली होती. तिला पेट्रोलच्या टाक्या दोन, पण काटा मात्र दोघींत मिळून एकच. खटका इकडे केला की तो पुढच्या टाकीचं सांगायचा, तिकडे केला की मागचीचं. बारा दिवसांपूर्वी भगवानरावांची लेक कोकिळा बाळंतपणात अडली. कचरू तिला घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्याकडे निघाला आणि राजूरच्या घाटात, मधल्या वळणावर गाडी बंद पडली. पुढची टाकी संपली होती. मागचीवर घेतली तर तीही कोरडी, आणि काटा, कचरूच्या सांगण्याप्रमाणे, म्हणत होता भरलेली. दुसरी मोटर यायला दोन तास लागले. तेवढं थांबणं कोकिळाच्या हाती नव्हतं, तिच्या पोटातल्याच्याही नाही. दोघंही तिथेच गेली. नंतर बैलजोडी लावून गाडी मोताळ्याला, शालिग्रामच्या दुकानापर्यंत ओढत आणली.

आज चारच्या एसटीनं भगवानराव पोलीस जमादाराला घेऊन येणार होते. काटा बरोबर निघाला तर कचरू खोटं बोलला आणि पेट्रोल त्यानंच विकलं, हे त्यांच्यापुरतं ठरलेलं होतं. गावानं तर केव्हाच ठरवून टाकलं होतं. बौद्धवाड्यातला माणूस मालकाच्या शेजारी बसून गाडी हाकतो, हे ज्यांच्या डोळ्यांत सलत होतं, त्यांना काट्याची वाट पाहायची गरजच पडली नाही.

शालिग्राम कामाला लागला. पुढच्या टाकीत गॅलनभर पेट्रोल ओतून खटका पुढे केला, तर काटा शहाण्यासारखा थोडासा चढून थांबला. म्हणजे काट्यात दोष नव्हता. मागच्या टाकीची तार चासीला, गाडीच्या सांगाड्याला, बांधून पाहिली, काटा खाली आला. तारही धड होती. परत टाकीला जोडली की पुन्हा भरलेली! मग त्यानं वेगळ्या तारेचा तुकडा घेतला, एक टोक टाकीच्या पत्र्याला आणि दुसरं चासीला बांधलं आणि वर येऊन पाहिलं. काटा मुकाट्यानं रिकामीवर जाऊन बसला होता.

म्हणजे टाकीचं लोखंड गाडीच्या लोखंडाला कुठेच टेकत नव्हतं. ते टेकलं नाही की हा काटा भरलेलीच म्हणणार, आत काही असो नसो.

का टेकत नव्हतं, हे पुन्हा खाली जाण्याआधीच त्याच्या लक्षात आलं. टाकी आणि तिला आवळणारे पट्टे यांच्यामध्ये रबर घातलेलं होतं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे लांब तुकडे, तिरपे कापलेले. मोताळ्यात असं तिरपं कापणारा डावखुरा मिस्तरी एकच होता, तो स्वतः. गाडीखाली शिरून त्यानं ते पाहिलं आणि तो तसाच धुळीत पडून राहिला. त्याला वर यावंसं वाटेना.

दिवाळीच्या आधी भगवानराव स्वतः आले होते. "लेक येनार हाय, पहिलटकरीन. मागची टाकी लय खडखड करते, तेवढा आवाज बंद करून दे," म्हणाले होते. त्याच दिवशी त्यानं मागच्या टाकीचा काटाही दुरुस्त केला. टाकी तोंडोतोंड भरली, काटा भरलेली म्हणाला, सगळे खूश. रबर लावलं ते त्यानंतर. भरल्या टाकीवर खरा काटा आणि खोटा काटा एकाच जागी उभे असतात, मग कळणार कुणाला?

तेव्हा कचरूजवळ तुराटीची एक काडी असायची, बोटाबोटावर खाचा पाडलेली. टाकीत बुडवून बाहेर काढायची आणि ओल कुठवर आली ते पाहायचं. शालिग्रामनं ती त्याच्या हातातून घेऊन चहाच्या चुलीत घातली होती.

"मी काटा बसवला हाय बे. माह्यावर भरोसा नाई का?"

कचरूनं भरवसा ठेवला. पुढची संपली की तेवढ्यापुरती गाडी तो मागच्या टाकीवर घ्यायचा. दिवाळीपासून थोडंथोडं करत ती रिकामी झाली आणि काटा काही हलला नाही.

दोष दिसला की काढायचा, ही हातांची वीस वर्षांची सवय. पट्टे सैल झाले, रबर निघालं, पत्रा खरवडला गेला, नट आवळले गेले. शालिग्रामनं आत पाहिलं. काटा रिकामीवर होता. आता तो अगदी बरोबर होता, आणि काटा बरोबर म्हणजे कचरू चोर.

दुकानामागे जुन्या ट्यूबांचा कमरेइतका ढीग होता. भगवानरावांची ही गाडी, त्यांच्या विहिरीवरचं इंजिन, त्यांच्या साडूचा ट्रक, सगळं याच दुकानात यायचं. शालिग्रामनं इकडे तिकडे पाहिलं आणि ते तुकडे ढिगावर फेकून दिले.

तो हात धूत होता तेव्हा कचरू रस्ता ओलांडून आला.

"सापडलं का मिस्तरी?"

"पाहून राह्यलो."

कचरूच्या हातात तुराटी होती, ताज्या खाचा पाडलेली. "बसल्या बसल्या केली. नवा डायवर येईन त्याले द्याजा. म्हना, काटा काई म्हनो, एकडाव काडी घालून पाय."

"तुले काई विचाराचं नाई मले?"

"काय विचारू? काटा तुमी बसवला. थो बरोबरच असन. माह्याच नजरेत खोट असन काई." त्यानं काडी बाकावर ठेवली आणि तो परत निंबाकडे गेला.

शालिग्राम ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. मग मागे गेला. तिरपे तुकडे ढिगात लगेच सापडले. तो पुन्हा गाडीखाली शिरला, पट्टे सैल केले आणि एकेक तुकडा जुन्या जागी नीट बसवला. काटा वर चढला, भरलेलीवर जाऊन थांबला.

चारची एसटी वेळेवर आली. भगवानराव जमादाराला घेऊन उतरले. बारा दिवसांत ते पार वाळून गेले होते.

"काटा काय म्हनते?"

"भरलेली म्हनते, मालक." शालिग्रामनं तुराटी त्यांच्या हातात दिली. "आता ही घालून पाहा."

काडी तळाला लागल्याचा आवाज झाला. भगवानरावांनी ती बाहेर काढली, बोटं फिरवली. कोरडी होती.

"खाली पाहा. पट्ट्यात रबर हाय. त्याच्यानं काटा खोटा झाला. थे म्या बसवलं, दिवाळीले. कचरूचा काईच दोष नाई." त्यानं जमादाराकडे पाहिलं. "काय लिहाचं थे माह्या नावानं लिहा, साहेब."

भगवानराव धोतरासकट तेलकट जमिनीवर बसले. वाकून त्यांनी ते रबर पाहिलं, बोटानं चाचपलं.

"त्याच्या नावानं काऊन?" ते जमादाराला म्हणाले. "लावाले म्या सांगतलं होतं."

मग त्यांनी टाकीला हात लावला आणि ती हलवून पाहिली.

"कोकिळा म्हने, बाबा, आता गाडीचा आवाज पार गेला."

त्यांनी दोन्ही हातांनी टाकी धरली आणि पुन्हा जोरानं हलवली. आवाज आला नाही.