पंपाचं बारसं

निघोज्याच्या विहिरीला पायऱ्या होत्या. पाण्यात घोटाभर उतरायचं आणि घागर भरायची, ही गावाची जुनी रीत. त्याच पाण्यातून नारू व्हायचा. छप्पन साली आईच्या घोट्यातून त्या जंताचा पांढरा दोरा बाहेर येत होता आणि माझे वडील, कोंडाजी, रोज बोटभर दोरा काडीला गुंडाळत. तुटला तर पाय सडायची भीती. पुढंही दर उन्हाळ्यात नारू निघायचा आणि आई खाटेवर पडून असायची.

म्हणून त्यांनी दोन वर्षं सरकारी कचेरीत खेटे घालून हातपंप मंजूर करून आणला. ओव्हरसिअर उद्धवराव मंगळवारी तो विहिरीवर बसवून गेले. जाताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात शनिवारी येतो. गाव वापरत असेल तर पायऱ्या बुजवू. नसेल तर पंप दुसऱ्या गावाला."

सोजराआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावातल्या बाया तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. तिची मर्जी राखायला वडिलांनी तिच्या हातून पंपाची पूजा करवली आणि तिथंच फसले. हळदकुंकू झालं, खण झाला, नारळ फुटला. मग देवाचा हात धरून ओढायचा कुणी? बाया पंपाला नमस्कार करायच्या आणि मुकाट पायऱ्या उतरायच्या.

शनिवार उजाडला. पुढचं वडील आत्याचा आवाज काढून सांगत, अगदी गेल्या महिन्यात जाईपर्यंत. मला तो आवाज जमत नाही.

"आक्का, आज ह्याचा बारावा दिवस. बारसं ऱ्हायलं की."

"द्येवाचं कसलं बारसं?"

"रामनवमीला रामाचा पाळणा हालवतीसच न्हवं? दोन वर्षं उंबरं झिजवून मी आणला, म्हंजी लेकरू माझंच. त्याची आत्या कोण? का गोजाबाईला बोलवू?"

"तिला? तिला पाळण्याचा सूर तरी लागतो का!" आत्या पदर खोचून उठली.

पंपाच्या तोटीशी वाकून ती कुजबुजली. बायांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मग तिनं दांडा धरला, बायांनी पाळणा सुरू केला, त्या तालावर दांडा खालीवर झुलला आणि पाणी आलं.

उद्धवराव आले तेव्हा घागरींची रांग लागली होती. ओंजळभर पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं, आत्याबाई?"

"त्ये कानात सांगत्यात. सरकारला न्हाई."

सोमवारी गवंडी आले. पायऱ्या बुजल्या. पुढच्या उन्हाळ्यात आई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन चालत शेतावर गेली.