माळ्यावर कोण चालतंय?

शिलाईमावशींच्या घरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा गेल्यापासून ज्या घराकडे कुणी फिरकलं नव्हतं, तिथे आता ही झुंबड! कारण काय, तर मावशींचे यजमान म्हणे माळ्यावर येरझाऱ्या घालतात.

"आलात का, धनी?" मेलेल्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या बाबांनी डोळे मिटून मधल्या खांबावर काठी दाणकन आपटली.

वर धडधड पावलं वाजली. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. मावशींना आठवलं, यजमानही असेच पाय आपटत चालायचे.

"फुटलेली कौलं बदलू नका," बाबांनी बजावलं. "ती त्यांची वाट आहे. तिथे रोज पिकलेली केळी ठेवा."

आत्मा केळी फस्त करतो, हे कुणालाच खटकलं नाही! आणि वाट कसली, चांगलं भगदाड होतं. पावसाचं पाणी झिरपून पलंगाच्या बरोब्बर वरचा वासा कुजला होता; आज ना उद्या मावशींच्या डोक्यात बसणार.

"महाराज, काठी बाजूला ठेवून हाक मारा बघू." मावशींची भाची पुढे आली. ती जनावरांची डॉक्टर.

बाबांनी हाक मारली. वर चिडीचूप.

"धनी रुसले. अश्रद्धेचा वास आला त्यांना."

"वास येतोय खरा, पण उदमांजराच्या मुताचा!" भाचीने खांबावर दणका दिला. "काय धनी, आज वांगी काय भाव?"

वर धडधड! कुणीतरी फिसकन हसलं. भाचीने शिडी लावून बॅटरी मारली. कोपऱ्यात दोन डोळे चमकले, पोटाशी पिलं.

"खांबाचा हादरा थेट वर पोचतो. बिचारी दचकून पळते. केळ्यांमुळे मुक्काम हलवत नाही. पिलं हिंडती होऊन सगळी बाहेर पडली, की भोकाला जाळी ठोकू, वासा बदलू, कौलं बसवू."

बाबा केव्हाच मागच्या दाराने पसार झाले होते. गर्दी पांगू लागली, तशा मावशी हुंदके देऊन रडायला लागल्या.

"अगं मावशी, सुटलीस की!"

"मला काय कळत नव्हतं का गं? केळ्याची सालं अंगावर पडायची माझ्या. पण घर भरायचं. आता उद्या कोण येणार?"

भाची ताडकन अंगणात गेली. "थांबा सगळे! मेलेली माणसं चालत नाहीत. वर आवाज झाला, तर हात जोडण्याआधी शिडी लावून बघा. आणि नसलेल्या माणसाला ऐकायला रोज आलात, इथे जिवंत बाई एकटी बसली होती, तिचं ऐकायला एकदा तरी आलात का?"

माना खाली घालून सगळे निघून गेले. एखादं तरी माघारी वळेल म्हणून मावशी कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत बसल्या.