मोरचुदाची बरणी

बरणीला हात लावू नका, असं रविभावजींनी बजावलं होतं. भस्म लावू नका असं काही ते बोलले नव्हते. गंगासागरने सकाळी विहिरीतून दगड-माणसं वर ओढणाऱ्या यारीच्या खांबाला भस्म लावलं, विहीर खोदायला उतरणाऱ्या नवऱ्याच्या, सिद्धारामच्या कपाळी लावलं आणि उरलेली चिमूट बरणीत सोडली. जिच्या भरवशावर माणूस खाली सोडायचा, तिला कोरडी कशी ठेवायची?

दीर पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला. परळीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या झळकत होत्या, आणि हा शहाणा लोणच्याच्या बरणीत मोरचुदाचं निळं पाणी करून त्यात तारा बुडवून बसला. करंट दिला की त्यात तांब्याचे केसासारखे धागे वाढायचे. खांबाला लावलेल्या माईकमधून यारीच्या कप्पीचा आवाज बरणीत जाई. कप्पी करकरली म्हणजे बकेटीची तार तुटायचं भय; म्हणून कधी कप्पी नीट चालवायची, कधी मुद्दाम करकरवायची, आणि त्याप्रमाणे करंट कमीजास्त करायचा. होता होता धाग्यांची अशी जाळी विणली गेली, की कप्पी करकरली रे करकरली की बरणी आपणहून घंटी वाजवायची. अख्खी धर्मापुरी बघायला लोटली. तेव्हापासून यारीवाल्या मकसूदने कप्पीकडे कान देणं सोडलं. तो खुशाल रेडिओ लावून बसे.

दुपारी भाकरी घेऊन आलेल्या गंगासागरची नजर बरणीवर गेली. पाणी गढूळ झालेलं, तळाशी तांब्याचा चुरा. एकही धागा शाबूत नव्हता. घंटी गप का आहे, हे तिथे तिला एकटीलाच ठाऊक होतं. सांगावं तर दिराची सगळी मेहनत तिने मातीत घातलेली, घरात तोंड दाखवायची सोय नाही.

"घंटी गप हाय नव्हं?" खालून सिद्धारामने विचारलं. "दगडं भरली. बसू का बकेटीत?"

"बसा, बसा," मकसूदने लिव्हरला हात घातला.

"नगा बसू," गंगासागर विहिरीच्या तोंडाशी वाकून म्हणाली. "बरणी मेली हाय. म्या भस्म टाकलं तिच्यात."

मकसूदने रेडिओ बंद केला. "कावून टाकलं, भाभी?"

"आधी त्यास्नी वर घ्या. मग काय इचारायचं ते इचारा."

खाली दोर सोडला. कामावरच्या चौघांनी सिद्धारामला ओढून वर घेतलं; गुडघे खरचटले होते, पण माणूस धड होता. मग मकसूदने खालची दगडांनी भरलेली बकेट यारीने उचलून बघितली. अर्ध्यात आली, कप्पी करकरली, तार तुटली आणि बकेट खाली गेली. तळाशी आदळल्याचा आवाज वर आला तसा गंगासागरने सिद्धारामचा दंड धरला.

सवयीने सगळ्यांनी बरणीकडे पाहिलं. घंटी वाजली नव्हती.

"सकाळधरनं करकरत होती का ही?" सिद्धारामने विचारलं.

कुणालाच सांगता येईना. कुणी ऐकतच नव्हतं.