कानाची खूण

"पुन्हा पडला नाही!" ताईंनी घड्याळ टेबलावर आपटलं. "काका, हा दोन नंबर पडायलाच हवा हो!"

फिरत्या दांड्यावर उंदीर तुरुतुरु चालत होता. उंदीरखाना सांभाळणाऱ्या काकांनी नुसती मान हलवली आणि नसलेला कचरा झाडायला घेतला.

ताईंचं संशोधन मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना जोडतात, त्या सांध्यांवर होतं. एक जनुक बदललं की सांधे कच्चे राहतात आणि उंदराचा तोल जातो, असं त्यांचं म्हणणं. अठरा उंदरांनी ते खरं करून दाखवलं. एक नंबर आणि दोन नंबर, हे दोघे भाऊच तेवढे उलटे वागत होते. तीन आठवडे ताई तेच ते तपासत होत्या. धड जेवण नाही, झोप नाही.

"सर म्हणतात, दम नाही यात. चार वर्षं घातलीत मी, काका!"

काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पिल्लांच्या कानाला भोकं पाडून खूण करायचं काम त्यांचं. एक नंबरला एक, दोन नंबरला दोन. या दोघा भावांच्या वेळी चिमटा धरलेला हात थरथरला आणि एक नंबरच्या कानाला दुसरं भोक पडलं. जनुकाच्या तपासणीसाठी त्याच्या शेपटीचा तुकडा आधीच एक नंबरच्या कुपीत गेला होता. काकांनी निमूटपणे भावाला एकच भोक पाडलं, त्याच्या शेपटीचा तुकडा मात्र दोन नंबरच्या कुपीत गेला. बोलले असते, तर हाताचंही सांगावं लागलं असतं. निवृत्तीला दीड वर्ष होतं. घरी बायको हल्ली न विचारता चहाचा कप अर्धाच भरायची. तिच्यापाशीही ते बोलले नव्हते.

ताईंनी वही मिटली. "उद्या सांगते सरांना, सोडलं म्हणून."

"थांबा. त्या दोघांची अदलाबदल झालीय. माझ्या हातून."

काकांनी हात पुढे धरला. तो थरथरत होता.

"मी इथे वेडी व्हायची बाकी होते," ताईंचा आवाज चिरकला, "आणि तुम्ही झाडू मारत होतात?"

काकांनी झाडू भिंतीला टेकवला.

शेपट्यांचे नवे तुकडे तपासायला गेले. अदलाबदलच निघाली. ताईंचं काम वाचलं. काकांकडून चिमटा काढून घेतला, आणि सरांनी त्यांना डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितलं.

नोंदवहीत कारण लिहायचं राहिलं होतं. "तांत्रिक चूक, एवढंच लिहिते," ताई म्हणाल्या. "नाव कशाला?"

"आणा इकडे."

काका लिहायला बसले. अक्षरं ओळ सोडून वर-खाली पळत होती. वही धरायला ताईंनी हात पुढे केला, मग मागे घेतला. सही पुरी होईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.