साळुबाईचा उजवा पाय

साळुबाईचा उजवा पाय हा त्या उन्हाळ्यात सगळ्या घराण्याचा मानबिंदू झाला होता. रोज सकाळी तो गादीवरून वीतभर वर जाई, थरथरे आणि लगेच खाली येई.

"सावकाश, धाकल्या आत्या," चहाचा कप घेऊन उशाशी उभी असलेली वृषाली म्हणे. "गुडघा ताठ. बोटं आपल्याकडं."

पुण्याला खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्याआधी मांडीत ताकद यावी म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हा व्यायाम सांगितला होता. थोरल्या जावेला, सोनीबाईला, ऑपरेशनाचं काही वाटलं नव्हतं. वाटलं ते चहाचं. वृषाली तिची सख्खी सून. पण लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला अंथरुणात कधी पाणीसुद्धा दिलं नव्हतं. देणार तरी कशी? सोनीबाई सगळ्यांच्या आधी उठून चहा उकळून मोकळी झालेली असे. साळुबाई पीत होती तोही तिनेच केलेला.

भावकीतल्या बायका घोडेगावच्या बाजाराहून येताना डोकावत, केळी ठेवत, "लई सोसती गं बाई," म्हणून जात.

"आक्का, तुमचं बरंय," साळुबाई एकदा म्हणाली. "तुमचे पाय म्हंजी लोखंड."

"लोखंडाला च्या कोण पाजतंय?" सोनीबाई कप विसळत म्हणाली.

दुपारी घर निजलं की ती पडवीत कांद्याच्या पिशव्यांआड गोणपाट टाकून आडवी होई. गुडघा ताठ, बोटं आपल्याकडं. पाय चांगला हातभर वर जाई आणि औताच्या दांडीसारखा तिथेच राही. बघायला मात्र पिशव्यांखेरीज कोणी नसे.

ऑपरेशनाआधी तपासणीला सगळे पुण्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी साळुबाईला पाय उचलायला सांगितला. तो वीतभर गेला आणि पडला.

"घरी कुणी नीट करून घेतलं नाही का?"

सोनीबाईने हातातली पिशवी दिराकडे, संपतकडे, दिली. शेजारच्या रिकाम्या खाटेवर ती चढली, लुगडं पायाशी चापून घेतलं आणि पाय उचलला.

डॉक्टरीणबाईंनी बाहेरच्या शिकाऊ पोरींना हाक मारली. "या, बघा. याला म्हणतात व्यायाम."

"वयनी, तुमी हे कवा शिकला?" संपत बघतच राहिला.

साळुबाईने भिंतीकडे तोंड केलं. सोनीबाईने पाय खाली आणायची घाई केली नाही.

"काकू, तुम्ही असल्यावर मला काळजी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता ऑपरेशनाआधीचा आणि नंतरचा, सगळा व्यायाम तुम्हीच करून घ्यायचा. दुसऱ्या कुणावर सोपवू नका."

सोनीबाई मान ताठ ठेवून घरी आली.

ऑपरेशन चांगलं झालं. सकाळी उशाशी उभं राहायचं काम आता सोनीबाईकडे होतं. वृषाली उशिरा उठू लागली. चहा सोनीबाईच करी, आणि नेऊनही तीच देई.